ओल्या

"हात लावू नका, मॅडम. बघायचं ते डोळ्यांनी बघा."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हात मागे घेतला, पण तोंड मागे घेतलं नाही. "गाडी माझी आहे," त्या म्हणाल्या.

"गाडी तुमची. छत सध्या माझं."

थोरला हे गाडीच्या आतून बोलत होता. सगळ्या सिटा काढलेल्या, खालचा पत्रा उघडा, आणि त्यावर उताणा पडून तो छताच्या कडेची पट्टी सोडवत होता. त्यामुळे बाहेर उभ्या असलेल्या बाईंना त्याचे दोन गुडघे आणि एक चप्पल एवढंच दिसत होतं. गुडघ्यांशी वाद घालणं कुणालाही जड जातं. पण बाईही काही कमी नव्हत्या. दिवसभर लोकांना आ करायला लावून त्यांच्याशी बोलायचं, म्हणजे समोरून उत्तर येण्याची सवयच नाही.

"माझ्या मैत्रिणीच्या गाडीचं छत एका दिवसात झालं. स्प्रेचा डबा असतो म्हणे. फवारलं की चिकटलं. तुमचं आठवडा झाला नुसतं सोडवणंच चाललंय."

"मैत्रिणीला माझा पत्ता देऊन ठेवा. उन्हाळ्यात लागेल."

शिलाईच्या मशीनवर बसलेली थोरल्याची बायको मान वर न करता नुसतं "अहो" म्हणाली. तिच्या त्या एका 'अहो'मध्ये चाळीस वर्षांच्या सूचना असत. थोरल्यानं त्यातली एकही कधी ऐकली नव्हती, पण गिऱ्हाईक मोठं होतं. साठ वर्षांची जुनी गाडी, जशी होती तशी करून हवी होती, आणि असं काम हल्ली वर्षातून एखादं येतं. तो गुडघे धरत बाहेर आला.

"हे बघा," तो म्हणाला, "बुडाखालचं काम वेगळं आणि डोक्यावरचं वेगळं. सीटवर माणूस बसतो, त्याच्या वजनानंच कापड जागेवर राहतं. तिथं साधं सोल्युशन चालतं. दाराच्या पुठ्ठ्याला पांढरा डिंकसुद्धा चालेल, सुकायला वेळ दिलात तर. पण छताला खालून कोण धरणार? वरचा पत्रा उन्हात असा तापतो की हात ठेववत नाही, आणि साधं सोल्युशन तापलं की पुन्हा मऊ पडतं. म्हणून छताला उन्हाला दाद न देणारंच घ्यायचं. ते पत्र्यालाही लावायचं आणि कापडालाही, आणि मग सुकू द्यायचं."

"सुकल्यावर चिकटेल कसं?"

या प्रश्नाची थोरला वाटच बघत असे. प्रत्येक गिऱ्हाईक तो विचारतं, आणि प्रत्येकाला उत्तर देताना त्याची छाती दोन बोटं फुगते. "सुकल्यावरच चिकटतं. बोटाची उलटी बाजू लावून बघायची. तार निघाली तर हात बांधून बसायचं. बोट कोरडं सुटलं की मग टेकवायचं, आणि एकदाच टेकवायचं, कारण परत उचलता येत नाही. ज्याला दम नाही तो ओल्यावर टेकवतो. वरून छान दिसतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात सगळं डोक्यावर येतं. तुमच्या वडिलांच्या वेळी आलं तसं." त्यानं हनुवटी रस्त्यापलीकडे उडवली. "त्याची कृपा. ओल्याची."

"मला माहितेय," बाई म्हणाल्या. "मागच्या सीटवर मी होते. बारा वर्षांची."

"मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं," थोरला म्हणाला, आणि तरी पुढची पंधरा मिनिटं त्यानं वेगळं काहीही न सांगता तेच सांगितलं. वर चहाही पाजला.

रस्त्यापलीकडचा ओल्या म्हणजे थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ. आता छप्पन वर्षांचा होता, दोन नातवंडांचा आजोबा होता, तरी घरात धाकटाच. सव्वीस वर्षांपूर्वी दोघं याच दुकानात बापाच्या हाताखालून निघून बरोबरीनं काम करत होते. या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी तेव्हा हीच गाडी त्यांच्याकडे दिली होती. जुनं खरवडून काढायचं काम थोरल्याकडे, सोल्युशन लावून चिकटवायचं धाकट्याकडे, अशी त्यांची वाटणी होती. छत झालं, गाडी गेली, आणि पहिल्याच कडक उन्हात मागच्या बाजूचं छत सुटून आत बसलेल्या पोरीच्या डोक्यावर आलं. मालक तस्सेच गाडी घेऊन दुकानात आले आणि रस्त्यावरूनच आवाज चढवायला सुरुवात केली. थोरल्यानं लोंबणाऱ्या छताला वरवर बोट लावलं, ते उन्हानं चिकट लागलं, आणि त्यानं वळून धाकट्याच्या थोबाडीत मारली. "ओल्यावर चिकटवलंस," तो म्हणाला. मालकांसमोर, बापासमोर, जमलेल्या चारचौघांसमोर. मालकांनी गाडी पुन्हा कुणाच्याच हातात दिली नाही. छत टाचण्यांनी कसंबसं वर टोचून घेतलं, आणि पुढं ती गाडी पडूनच राहिली.

धाकटा त्याच दिवशी बाहेर पडला. थोरल्यानं मागून ओरडून सांगितलं की पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवलास तर पाय तोडीन. लोकांना असल्या भांडणात नेहमी नावच आवडतं. धाकट्याचं नाव 'ओल्या' पडलं आणि ते मात्र पक्कं चिकटलं. दोन वर्षं त्याला छताचं काम कुणी दिलं नाही. तो बसच्या फाटक्या सिटांना ठिगळं लावत होता. पोरं शाळेत जायला लागली तेव्हा वर्गातल्या पोरांनी त्या नावाचा अंथरुणाशी संबंध जोडला आणि धाकट्याची पोरगी महिनाभर शाळेत जायला तयार नव्हती. हे सगळं थोरल्याच्या कानावर यायचं. येईना का, असं तो म्हणायचा.

चार वर्षांनी धाकट्यानं बरोब्बर समोर दुकान काढलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं, पण संवाद भरपूर होता. सकाळी इकडचा झाडायला लागला की धूळ रस्ता ओलांडून जाईल अशा बेतानं झाडायचा. तिकडचा पत्रा ठोकायला काढायचा तो नेमका इकडचा दुपारी आडवा झाला की. थोरल्यानं आपल्या पाटीवर रंगवून घेतलं: 'येथे सुकल्यावरच चिकटवले जाते.' नवख्या माणसाला त्यात काही कळायचं नाही, पण रस्ताभर लोक पोट धरून हसले. महिन्याभरात समोरही पाटी लागली: 'आधी खरवडतो, मग चिकटवतो.' थोरल्यानं ती वाचली आणि म्हणाला, "गाढवाला उत्तरसुद्धा देता आलं नाही. ही तर जाहिरात झाली."

दोघी जावांचं मात्र व्यवस्थित चाललं होतं. त्या एकमेकींकडे मागच्या दारानं जात, आणि एकमेकींच्या लेकींची बाळंतपणं दोघींनी मिळून केली होती. नवऱ्यांच्या भांडणात पडायला त्यांना वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं छत काढायला घेतलं, पुढच्या काचेपासून.

कापड जाड लोकरीच्या नमद्यावर शिवलेलं होतं आणि नमदा पत्र्याला चिकटवलेला. सव्वीस वर्षांचं छत, एक झटका दिला की खाली येईल अशा हिशेबानं त्यानं कोपरा धरून ओढला. कोपरा त्याच्या हातात आला, नमदा वरच राहिला. त्यानं स्क्रेपर आत घातला, हीटगननं जरा ऊब दिली, पुन्हा ओढलं. नमदा तंतू तंतू होऊन फाटला, पण सोल्युशननं पत्रा सोडला नाही. पुढचा अर्धा भाग काढायला त्याला जेवणाची वेळ झाली. घाम पुसत तो स्वतःशीच पुटपुटला, "एवढं कसं धरलंय भडव्यानं."

जेवून आल्यावर त्यानं मागच्या भागातल्या टाचण्या काढायला घेतल्या. गंजून मोडत होत्या त्या. शेवटची निघाली आणि मागचं अख्खं छत एका तुकड्यात त्याच्या छातीवर पडलं, उलटं, नमद्याची पाठ वर करून.

नमद्यावर धाकट्यानं लावलेलं पिवळं सोल्युशन जसंच्या तसं होतं. कडेपासून कडेपर्यंत सारखं पसरलेलं, तार नाही, बुडबुडा नाही, सुकल्यावर टेकवलं की जसं दिसतं तसं. आणि त्या पिवळ्याला घट्ट धरून बसल्या होत्या तपकिरी खपल्या. थोरल्यानं एक नखानं उचकटली. ठिसूळ होती. हे सोल्युशन नव्हतं. हा कारखान्यातला, गाडी जन्माला आली तेव्हाचा गोंद. त्यानं मान वर करून पत्र्याकडे पाहिलं. तिथं उघड्या पत्र्याचे डाग होते, आणि डागांच्या मधे तोच तपकिरी गोंद अजून बसलेला. एकेक खपली वरच्या एकेका डागात बसली असती.

न समजण्यासारखं काही नव्हतं. धाकट्याचं सोल्युशन सुटलंच नव्हतं. ते ज्याच्यावर लावलं होतं तो जुना गोंद उन्हानं भुगा होऊन पत्र्यावरून सुटला होता, आणि तो खरवडून काढायचं काम थोरल्याचं होतं. पुढं, जिथं त्यानं पत्रा उघडा केला होता, तिथं तेच सोल्युशन, त्याच डब्यातलं, त्याच हातानं लावलेलं, आज अर्धा दिवस त्याच्याशी झुंजलं होतं.

मग आठवायला लागलं. मागच्या काचेजवळ मान मोडून पडावं लागतं, डोळ्यांत भुगा पडतो. त्या दिवशी त्यानं मागचा भाग खरवडायचा कंटाळा केला होता. थिनरचा बोळा फिरवला होता. जुन्या गोंदावर थिनर फिरवला की तो निघत नाही, नुसता विरघळून सपाट होतो आणि पत्र्यासारखा चकाकतो. दिसायला स्वच्छ, आणि उन्हात तापला की बोटाला चिकट. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात, डोळ्यावर जाऊ नकोस, हात फिरवून बघ. त्यानं हात फिरवला नव्हता. "झालं, लाव," असं धाकट्याला म्हणून तो बाहेर जाऊन बसला होता. हे त्यानं कुणापासून लपवलं नव्हतं. तो ते साफ विसरला होता. विसरायला काही मेहनत पडत नाही.

आधी त्यानं जे केलं ते सांगायलाच हवं. त्यानं स्क्रेपर उचलला आणि भराभरा खरवडायला लागला. त्याचं कामच होतं ते. जुना गोंद काढायचा, पत्रा उघडा करायचा, थिनरनं पुसायचा. संध्याकाळपर्यंत सगळं कचऱ्याच्या डब्यात गेलं असतं आणि जगात कुणालाही कळलं नसतं. चारेक हात मारून झाले. मशीनचा आवाज थांबला होता हे त्याला उशिरा लक्षात आलं. बायको गाडीच्या दारात उभी होती, आणि तिच्या हातात तो नमद्याचा तुकडा होता. चाळीस वर्षं या धंद्यात शिवणाऱ्या बाईला पिवळं कुठलं आणि तपकिरी कुठलं हे कुणी सांगावं लागत नाही.

"हे आपलं नाही," ती खपली दाखवून म्हणाली.

"नाही."

"खरवडायचं कुणाकडे होतं?"

थोरल्यानं स्क्रेपर छातीवर ठेवला. त्याला लाज वाटत होती, कान गरम करणारी साधी लाज, आणि ती लपवायला त्या एवढ्याशा जागेत कूसही वळता येत नव्हती.

"तुमच्या त्या एका थपडेपायी मी सव्वीस वर्षं जावेकडे मागच्या दारानं जातेय," बायको म्हणाली. "चोरासारखी. आता काय खरवडायचं ते खरवडा. पण हा तुकडा मी तुम्हाला टाकू देणार नाही." तिनं तो मशीनच्या खणात ठेवला आणि पुन्हा शिवायला बसली.

थोरला तासभर तसाच पडून होता. मग उठला, तोंड धुतलं आणि रस्ता ओलांडला. रस्ता वीस पावलांचा होता.

धाकटा टेबलावर रेक्झिन कापत होता. थोरला दारात उभा राहिला आणि त्यानं त्याला हाक मारली, आईनं ठेवलेल्या नावानं. धाकट्यानं मान वर केली नाही. घरच्यांशिवाय त्या नावानं त्याला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, आणि या आवाजात तर ते नाव त्यानं ओळखलंच नाही. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा कात्री थांबली.

"काय पाहिजे?"

"त्या डॉक्टरांच्या गाडीचं छत उघडलंय."

"मग?"

"बघायला चल."

"तुमच्या दुकानात? पाय तोडून घ्यायला?"

सख्ख्या भावाला तो 'तुम्ही' म्हणाला. थोरल्याला शिवी लागली नसती एवढं ते लागलं.

"तुझं सोल्युशन सुटलं नव्हतं," थोरला घाईनं म्हणाला, जणू हळू बोललं तर शब्द परत घशात जातील. "धरून होतं. खालचा जुना गोंद सुटला. मागच्या बाजूचा."

धाकट्यानं कात्री पुन्हा चालवली, एक सरळ रेघ पूर्ण केली, तुकडा बाजूला ठेवला. "माहितेय मला."

"काय माहितेय?"

"तेच. त्याच दिवशी माहीत होतं. छत लोंबत होतं तेव्हा मी आतून बोट लावून बघितलं होतं. खपल्या हाताला लागल्या. तेच सांगायला तोंड उघडलं तर थोबाडीत आली."

"मग नंतर कधी..."

"नंतर कुणाला सांगू? तुम्हीच बोलत होतात ना. सगळ्या गावाशी. मधे बोलायला जागाच नव्हती. बाप शेवटपर्यंत मला सांगत होता, थोड्या दमानं घेत जा रे. बाप." धाकट्यानं कात्री टेबलावर ठेवली, आपटली नाही. "आणि सांगायचं ते मी सांगितलंय. बावीस वर्षं तुमच्या तोंडासमोर लिहून ठेवलंय. वाचता येत नाही का?"

थोरला मागं सरला आणि त्यानं वर पाहिलं. 'आधी खरवडतो, मग चिकटवतो.' रंग उडाला होता, पण दर दोन-तीन वर्षांनी नवा मारलेला दिसत होता. ही पाटी रोज सकाळी दुकान उघडताना त्याच्या नजरेस पडत होती. ती त्याच्यासाठीच लिहिलेली होती हे त्याला आता कळलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"हे इथं, दारात उभं राहून, मला एकट्याला सांगता. आणि मारलं होतंत चारचौघांत."

"त्यातलं आता कोण आहे? बाप गेला. मालक गेले."

"ती पोरगी आहे. मागच्या सीटवर होती. उद्या येईल ना गाडी बघायला? तिला सांगा. मी रस्त्यावर उभा राहून ऐकतो. आणि आता व्हा बाजूला, उजेड अडतोय."

थोरल्याला रात्री जेवण गेलं नाही, एवढंच सांगून पुढं जाऊ. त्याला भावाची भीती नव्हती. भीती होती ती बाईंची, कारण त्या गाडी घेऊन गेल्या असत्या आणि का नेली ते ऐकायला सगळ्या बाजाराचे कान उभे होते. समोरच्याचं काम कच्चं आणि त्याचं पक्कं, यावर त्याचं दुकान उभं होतं. तेच उलटणार होतं.

बाई दुसऱ्या दिवशी दवाखाना आटपून दुपारी आल्या. गाडी अर्धी दुकानात, अर्धी बाहेर काढलेली. धाकटा रस्त्याच्या कडेला, उंबऱ्यापासून चार हात लांब उभा होता. बाईंनी त्याला पाहिलं, ओळखलं, आणि कपाळाला आठी घातली.

"काय झालं?"

"तुमच्या वडिलांच्या वेळी," थोरल्यानं सुरुवात केली, "दोघांच्याही हातून थोडंफार..."

धाकटा वळला आणि चालायला लागला.

"थांब," थोरला म्हणाला. मग बाईंकडे बघून, एका दमात: "चूक माझी होती. जुना गोंद खरवडायचं माझ्याकडे होतं, मी मागचा भाग खरवडला नाही, नुसता पुसला. ह्यानं चिकटवलं ते बरोबर चिकटवलं होतं. सुकल्यावर. मी त्याला विनाकारण मारलं, आणि खोटं नाव पाडलं."

बायकोनं मशीनच्या खणातून तुकडा काढून बाईंच्या हातात दिला. दातांच्या डॉक्टरला असल्या थरांचं वावडं नसतं. त्यांनी खपली नखानं हलवली, वर पत्र्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं.

"परवा तुम्ही मला चहा पाजून हीच गोष्ट सांगितलीत," त्या म्हणाल्या. "हसत हसत."

"हो."

"मला ते छत डोक्यावर आलं त्याची भीती नव्हती वाटली. कापडच होतं ते. मला तुमच्या हाताची वाटली होती. मी घरी जाऊन रडले. आणि बाबा शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले, त्या ओल्याकडे काम देऊ नका म्हणून. तुमच्या शब्दावर."

"हो," थोरला म्हणाला. फळवाला, पंक्चरवाला, पलीकडचा घड्याळजी, सगळे आपापलं काम थांबवून उभे होते. ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं मान खाली घातली नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगता येईल.

"मग मी ही गाडी तुमच्याकडे का ठेवू?"

"ठेवू नका."

बाई धाकट्याकडे वळल्या. "तुम्ही कराल?"

"तुमच्या वडिलांनीही मला एका शब्दानं विचारलं नव्हतं," धाकटा म्हणाला. बाईंचा चेहरा पडला, तरी त्यानं बोलणं मऊ केलं नाही. "चिकटवायचं मी करीन. ते तेव्हाही माझंच होतं. खरवडायचं ह्यांचं. पत्रा पूर्ण उघडा करून द्यायचा, मग मी डबा उघडणार. आणि मी हात फिरवून बघणार. नाही पटलं तर गाडी न्या कुठंही."

थोरल्याला कुणी विचारलं नाही. त्यानं स्क्रेपर घेतला आणि मागच्या दारातून आत शिरला.

एकसष्टाव्या वर्षी मागच्या काचेखाली शिरणं सोपं नाही. मान छातीत घालून, एक खांदा चाकाच्या उंचवट्यावर टेकवून पडावं लागतं. त्यानं आधी कोरडंच खरवडलं, मग ऊब देऊन, मग फडक्यावर थोडा थिनर घेऊन पुसलं, वाळू दिलं आणि पुन्हा खरवडलं. तपकिरी भुगा डोळ्यांत, मिशीत, कॉलरच्या आत पडत होता. बाई केव्हा गेल्या त्याला कळलं नाही. मशीन सुरू होतं. धाकटा बाहेरून, गाडीच्या उघड्या दाराशी उभा होता. दुकानाच्या उंबऱ्याच्या आत त्यानं पाऊल टाकलं नव्हतं, आणि टाकण्याचा त्याचा विचारही दिसत नव्हता.

"बघ," थोरला म्हणाला.

दारातून एक हात आत आला. थोरल्याला खालून मनगटापर्यंतच दिसत होता. तळवा पत्र्यावर सपाट टेकला आणि सावकाश, एकही बोटभर जागा न सोडता फिरायला लागला. मनगटावरचे केस पांढरे झाले होते. थोरल्यानं तो हात शेवटचा जवळून पाहिला होता तेव्हा ते काळेभोर होते.

हात मागच्या काचेपाशी थांबला. "इथं राहिलंय."

थोरल्यानं तिथं खरवडलं, पुसलं, थांबला. हात पुन्हा आला, पुन्हा फिरला, आणि त्याच जागेच्या चार बोटं पलीकडे अंगठा दाबून थांबला.

"इथं."

थोरल्यानं दुखरी मान वळवली आणि स्क्रेपर तिथं नेला.